व्हेनिसमध्ये पहिला स्प्रिट्झ कोणता मागवाल?

व्हेनिसला मुक्काम असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिथे तिथे नारिंगी ग्लास दिसतात. तो अपेरोल स्प्रिट्झ, म्हणजे अपेरोल हे कडवट-गोड लिक्योर (गोडसर मद्य), फसफसणारी वाइन आणि सोडा यांचं पेय. बहुतेक प्रवासी शेजारच्या टेबलाकडे बघून तोच मागवतात आणि सहल संपेपर्यंत तोच पितात. माझं मत विचाराल तर पहिला ग्लास सिलेक्ट या दुसऱ्या लिक्योरचा घ्या.

करायची रीत बहुतेक स्प्रिट्झची सारखीच असते. ग्लास भरून बर्फ, त्यावर प्रोसेको ही फसफसणारी पांढरी वाइन, मग कडवट लिक्योर आणि वरून सोडा. प्रचलित प्रमाण तीन भाग प्रोसेको, दोन भाग लिक्योर, एक भाग सोडा. सगळा फरक पडतो तो लिक्योरमुळे.

अपेरोल 1919 मध्ये पादोव्हात बार्बिएरी बंधूंनी बाजारात आणलं. त्यात अल्कोहोल फक्त 11 टक्के, म्हणजे प्रोसेकोइतकंच. आधी संत्र्याचा गोडवा लागतो, कडवटपणा अगदी शेवटी आणि तोही नावापुरता. दिवसभर उन्हात पूल चढून-उतरून आल्यावर पहिले चार घोट फार बरे वाटतात. बर्फ वितळला की मात्र उरतं ते गोडसर पाणी. आणि अपेरोल आता मुंबई-गोव्याच्या बारमध्येही मिळतं, त्यासाठी व्हेनिसची संध्याकाळ कशाला खर्च करायची?

सिलेक्ट मूळचं व्हेनिसचंच. 1920 मध्ये पिल्ला बंधूंनी ते बनवलं, अल्कोहोल 17.5 टक्के. रंग गडद लाल. रुबार्बचं मूळ आणि जुनिपरची फळं यांमुळे त्याला मातीचा, औषधी वनस्पतींचा वास आहे. गोडवा आहे, पण कडवटपणा त्याला वरचढ होऊ देत नाही. यात संत्र्याच्या फोडीऐवजी काडीला टोचलेलं मोठं हिरवं ऑलिव्ह येतं. ते लगेच खाऊ नका. त्याचा खारटपणा हळूहळू पेयात उतरतो, ऑलिव्हही पेय शोषून घेतं, आणि ग्लास अर्धा झाला की चव सुरुवातीपेक्षा चांगली लागते. या एका गोष्टीसाठी मी सिलेक्टला पहिलं मानतो. मागताना नुसतं ‘स्प्रिट्झ’ म्हणू नका, ‘स्प्रिट्झ अल सिलेक्ट’ म्हणा.

कॅम्पारी त्याहून कडक. गास्पारे कॅम्पारीने 1860 मध्ये नोव्हारात बनवलेलं हे लिक्योर पुढे मिलानची ओळख झालं. इटलीतल्या बाटलीत अल्कोहोल 25 टक्के. हिशोब करून बघा: 90 मिली प्रोसेको आणि 60 मिली अपेरोल म्हणजे साधारण साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल, अपेरोलच्या जागी कॅम्पारी घातलं की तेच पंचवीसच्या घरात जातं. दीडपट! दिसायला ग्लास तेवढाच असल्यामुळे हे लक्षात येत नाही. कारल्याची भाजी गूळ न घालता आवडीने खाणाऱ्यांना हा जमेल, पण रिकाम्या पोटी नको. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट: कॅम्पारीचा लाल रंग पूर्वी कोशिनियल किड्यापासून काढत. 2006 मध्ये कंपनीने कृत्रिम रंग घेतला, तरी सगळ्या देशांतल्या बाटल्या सारख्या नसतात, म्हणून लेबल वाचावं.

कडू अजिबात चालत नसेल तर ह्यूगो घ्या. उत्तर इटलीतल्या दक्षिण तिरोल प्रांतातल्या नातुर्नो गावचा, 2005 सालचा. प्रोसेको, सोडा, एल्डरफ्लॉवर या सुवासिक फुलांचं सरबत, पुदिना. सरबत वापरलं असेल तर अल्कोहोल या सगळ्यांत कमी, पण काही ठिकाणी त्याऐवजी लिक्योर घालतात, तेव्हा आधी विचारा. डोलोमाइट्सच्या डोंगरांत भाड्याची गाडी चालवणार असाल तर ह्यूगोही नको. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. अशा वेळी क्रोदिनो मागवा. रंग नारिंगी, चव कडवट-गोड, अल्कोहोल नाही. घरातल्या न पिणाऱ्यांनाही हातात ग्लास धरून सोबत बसता येतं.

कुठे प्यायचा, हेही बघा. बाकारो म्हणजे व्हेनिसमधला छोटा वाइनबार. तिथे काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर स्वस्त पडतं. सान मार्को चौकात टेबलावर बसलात तर जागेचे आणि वाद्यवृंदाचेही पैसे बिलात येतात. मिलानमध्ये पुष्कळ ठिकाणी ग्लासाच्या किमतीतच खाणं असतं. बाकारोत ते वेगळं घ्यावं लागतं. काचेआड मांडलेल्या त्या छोट्या पदार्थांना चिकेत्ती म्हणतात. मासे खात असाल तर कांदा, व्हिनेगर, मनुका घातलेले सार्दे इन साओर सिलेक्टबरोबर नक्की घ्या, आंबटगोड चवीने त्याचा कडवटपणा खुलतो. शाकाहारी असाल तर तळलेल्या मोझ्झारेल्लाच्या सँडविचवर विसंबू नका, व्हेनिसमध्ये त्यात बहुधा अँकोव्ही मासा किंवा हॅम असतं. तळलेली भरली ऑलिव्हंही टाळा, सारण मांसाचं असतं. आर्टिचोक किंवा भाजलेल्या भाज्यांचं काही आहे का ते विचारा. बहुतेक बाकारोंत एखादं निघतंच.