दशमांश की स्वखुशीचं दान? आत्मिक लाभाच्या बाजूने दोन्ही वाटा

चर्चच्या उपासनेत अर्पणाची पिशवी आपल्या रांगेकडे सरकू लागली की खिशातल्या हाताचं काय चालतं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. बोटं नोटा चाचपतात, मोठी मागे सारतात, लहान पुढे ओढतात. गीताचं कडवं संपायच्या आत निकाल लागलेला असतो. मी कित्येक वर्षं असंच दिलं आणि त्याला बेधडक ‘स्वखुशीचं दान’ म्हणत आलो. पुढे काही वर्षं पै-पैचा हिशेब ठेवून दशमांश दिला. त्यामुळे नुकतं कमावू लागलेलं कुणी ‘दशमांश द्यावा का?’ असं विचारतं, तेव्हा मला नुसतं हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही.

आधी दोन्ही बाजू नीट मांडू. दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, खर्चाआधी बाजूला काढलेला आणि बहुतेकदा आपल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, दिलेला. स्वखुशीचं दान म्हणजे किती, कधी आणि कुणाला हे देणाऱ्याने देवासमोर स्वतः ठरवायचं. पहिल्यात आकडा बाहेरून येतो, दुसऱ्यात आतून यावा लागतो.

शास्त्र कुणाच्या बाजूने?

दोन्ही बाजूंचे लोक वचनं पाठ करून बसलेले असतात आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. अब्रामाने मलकीसदेक या याजक-राजाला दहावा हिस्सा दिला (बायबलमधलं उत्पत्ती 14) तो मोशेचं नियमशास्त्र येण्याच्या कितीतरी आधी, पण तो लढाईतल्या लुटीचा होता आणि त्याने तो दरवर्षी दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. याकोबाने बेथेल इथे दशमांशाचा नवस केला, तोही अटी घालून: अन्न दे, वस्त्र दे, सुखरूप परत आण, मग देईन. हा नवस वाचताना मला नेहमी हसू येतं, कारण आपल्यापैकी पुष्कळांची प्रार्थना अजून तिथेच अडकलेली आहे.

नियमशास्त्रातला दशमांश तर आपण समजतो तितका एकसुरी नव्हताच. लेवीय 27 मध्ये मेंढपाळाच्या काठीखालून कळप जातो आणि दहावं जनावर परमेश्वराचं ठरतं. ते धष्टपुष्ट आहे की लंगडं, हे बघायचं नाही, बदलायचं नाही. बदललंच तर दोन्ही जनावरं पवित्र, म्हणजे दोन्ही गेली. गणना 18 मध्ये हा हिस्सा लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाला, मिळतो आणि लेवीही त्यातला दहावा भाग पुढे देतात, म्हणजे घेणाराही देण्यातून सुटत नाही. अनुवाद 14 मध्ये मात्र वेगळंच चित्र आहे. दशमांश घेऊन घरच्यांसह परमेश्वरासमोर जायचं आणि तिथे तो खायचा. वाट लांबची असेल तर पिकाचे पैसे करून न्यायचे आणि तिथे मनाला येईल ते, गाईबैल, मेंढरं, द्राक्षारस, विकत घेऊन आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. उपासना, मेजवानी आणि गोरगरिबांची सोय, तिन्ही एकाच शब्दात.

नव्या करारात येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाला, खडसावलं ते पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल. तेही करायला हवं होतं आणि हेही सोडायचं नव्हतं, असं तो म्हणतो, म्हणून दशमांशाचे समर्थक मत्तय 23 वर बोट ठेवतात. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, तो अजून नियमशास्त्राखाली जगणाऱ्यांशी बोलत होता, आणि प्रेषित पौलाने कुठल्याही मंडळीला दहावा हिस्सा मागितलेला नाही. दोन्ही खरं आहे. पण पौल काय म्हणतो ते नीट वाचा. 2 करिंथ 9 मध्ये प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडल्यामुळे नव्हे. 1 करिंथ 16 मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. ‘ठरवल्याप्रमाणे’ आणि ‘काढून ठेवावं’ हे शब्द माझ्या नजरेतून वर्षानुवर्षं निसटले होते. पिशवी समोर आल्यावर नोट चाचपणं हे पौलाच्या हिशेबात स्वखुशीचं दान नाहीच. म्हणजे मी दोन्हींपैकी एकाही वाटेवर नव्हतो, मधल्या बांधावर उभा होतो.

सक्ती झाली तेव्हा

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो एकाच मुद्द्यासाठी लागतो. दुसऱ्या शतकात इरेनियस हा बिशप म्हणत होता की यहूदी दहावा हिस्सा देत, पण ज्यांना स्वातंत्र्य मिळालं ते आपलं सर्वस्व प्रभूच्या कामाला देतात. 585 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याची तंबी दिली, आणि 779 मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याला राज्याच्या कायद्याचं बळ दिलं. मग तो करच झाला. 1789 च्या क्रांतीत फ्रान्सने तो रद्द केला. आयर्लंडमध्ये 1830 च्या दशकात त्यावरून रक्त सांडलं, कारण कॅथलिक शेतकऱ्यांकडून तो दुसऱ्याच चर्चसाठी वसूल होत होता. हिस्सा दहावाच राहिला, पण देणाऱ्याच्या आत्म्याला त्यातून कडवटपणाशिवाय काही मिळेना. आज कॅथलिक चर्च ऐपतीप्रमाणे मंडळीच्या गरजा भागवा एवढंच सांगतं, टक्का ठरवून देत नाही. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट दशमांशावर ठाम आहेत, आणि इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळकागणिक वेगळं ऐकायला मिळतं.

कुठली वाट काय देते

भरवशाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: इथे दशमांश वरचढ. पैसे आले त्याच दिवशी, भाडं आणि किराणा यांच्याआधी, दहावा हिस्सा वेगळ्या पाकिटात गेला की महिन्याची उरलेली गणितं नवावर बसवावी लागतात. पहिले तीन-चार महिने छातीत धडधड होते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ तेव्हा मी पहिल्यांदा खरोखरची मागणी म्हणून म्हटली, आधी ती नुसती तोंडात बसलेली होती. शेवटी उरलंसुरलं देण्यात ही परीक्षा येत नाही, कारण उरलेल्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो.

दुसरा लाभ दशमांशाच्या कोरडेपणातूनच येतो. दहावं जनावर लंगडं की धडधाकट हे बघायचं नाही, या नियमात मोठी सुटका आहे. पाळकांशी खटका उडाला, प्रवचन आवडलं नाही, महिना वाईट गेला, तरी हिस्सा तोच. दान आपल्या लहरीवर चालत नाही. स्वखुशीच्या वाटेवर मी एकदा रुसून तीन महिने हात आखडता घेतला होता, आणि वर ‘देवाने मनात घातलं नाही’ असं सांगत होतो.

लोभाच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. शंभर कमावणाऱ्याने दहा दिले तर नव्वद उरतात आणि चिमटा बसतो. हजार कमावणाऱ्याने शंभर दिले तरी नऊशे उरतात आणि काही जाणवतही नाही. हिस्सा तोच, पण औषध लागू पडायचं थांबलेलं असतं. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली एका तरुणाचं उदाहरण देत असे, आणि तो तरुण स्वतः वेस्लीच, असं बहुतेक मानतात. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड, खर्च 28, दान 2. पुढच्या वर्षी मिळकत 60, खर्च तोच 28, दान 32. मग 90 मिळाले तर 62, आणि 120 मिळाले तर 92. पहिल्या वर्षी त्याने दहावा हिस्साही दिलेला नाही! आणि चौथ्या वर्षी दशमांशाचं मोजमाप त्याला हास्यास्पद वाटलं असतं. त्याने टक्का धरून ठेवला नाही, आपली गरज धरून ठेवली. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता दिली, गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकल्या. दोघांनाही कुणी दहावा मागितला नव्हता.

गर्वाचा धोका दोन्हीकडे आहे. लूक 18 मधला परूशी मंदिरात उभा राहून आपल्या दशमांशाची उजळणी करतो. स्वखुशीने देणारा तेवढं उघड बोलत नाही, पण बाकावर आपल्या नावाची पाटी लागली की नाही ते जाता जाता बघतो.

मलाखीचं वचन आणि सौदा

दशमांशाच्या प्रवचनात मलाखी संदेष्ट्याचं 3:10 हे वचन आलं नाही असं क्वचित घडतं. भांडारात सारा दशमांश आणा, मग मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा. हे वचन खोटं नाही, पण ते कुठल्या प्रसंगातलं आहे ते सांगितलं जात नाही. हा यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परतल्यानंतरचा काळ आहे. नहेम्या 13 मध्ये दिसतं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नव्हता म्हणून ते मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. भांडार म्हणजे धान्याचं कोठार, आणि ते रिकामं म्हणजे लेवी उपाशी. वचन सगळ्या राष्ट्राला उद्देशून आहे, आणि आशीर्वादही पावसाचा, पिकाचा, द्राक्षवेलींचा आहे. ‘इतके टाका, दहापट परत घ्या’ असं ते ऐकवलं जात असेल तर सावध व्हा. त्या भावनेने दिलेला दशमांश हा याकोबाच्या नवसाच्याही मागे जातो. आत्मिक लाभ हवा असेल तर हा एकच हेतू असा आहे, जो दोन्ही वाटा सारख्याच नासवतो. परतफेड आली नाही की माणूस आधी देणं सोडतो, मग प्रार्थना.

तुम्ही कुठे उभे आहात त्यावर

नियमित मिळकत आहे, देण्याची सवय नाही आणि महिनाअखेर पैसा कुठे गेला कळत नाही, अशांनी दशमांशापासून सुरुवात करावी. निदान एक वर्ष. ठरलेला आकडा असल्याशिवाय स्वतःचं मन कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

दशमांश वर्षानुवर्षं चालू आहे आणि देताना काहीच हलत नाही, अशांनी दहावा हिस्सा उंबरठा समजून पुढे पाऊल टाकावं. दरवर्षी एखादा टक्का वाढवा, किंवा वेस्लीसारखा खर्चाचा आकडा बांधून घ्या.

कर्जाचे हप्ते थकलेत, घरात आजारपण आहे, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं तुमच्यावर आहेत, तर दहाव्या हिश्शाचं ओझं डोक्यावर घेऊ नका. मार्क 7 मध्ये येशू ‘कुर्बान’ (देवाला वाहिलेलं) म्हणून आईवडिलांचा वाटा देवाच्या नावाने अडवणाऱ्यांना झापतो. 2 करिंथ 8 मध्ये पौल म्हणतो, जे जवळ आहे त्याच्या मानाने दिलेलं मान्य होतं, जवळ नाही त्याच्या मानाने नव्हे. विसावा हिस्सा ठरवा, पन्नासावा ठरवा, पण ठरवा आणि आधी काढा. अशा माणसाला ‘तू देवाला लुबाडतोस’ असं ऐकवणाऱ्या पाळकाने अनुवाद 14 पुन्हा वाचावा. त्या तिसऱ्या वर्षीच्या दशमांशातून खाणाऱ्यांत कदाचित हाच माणूस बसला असता.

मिळकत अनियमित असेल, कधी भरघोस कधी शून्य, तर महिन्याचा आकडा बांधू नका. प्रत्येक वेळी पैसा येईल तेव्हा हिस्सा काढा. शून्याचा दहावा हिस्सा शून्यच असतो, त्याबद्दल मन खात बसू नका.

कर कापण्याआधीच्या रकमेवर द्यायचं की हातात आलेल्या, यावर लोक तावातावाने वाद घालतात. शास्त्रात याचं थेट उत्तर नाही. मी हातात आलेल्या रकमेवर देतो. पण जे काही ठरवाल ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा आणि ते पान वर्षभर बदलू नका. माझ्या पानावरचा सगळा दहावा हिस्सा मी मंडळीला देऊन टाकत नाही. थोडा मागे ठेवतो आणि वर्षातून एकदा त्याच पैशांत एका मोठ्या पातेल्यात जेवण शिजतं, आणि ज्यांना कुणी बोलावत नाही त्यांना बोलावलं जातं. आमच्या पाळकांना हा हिशेब पटलेला नाही, पण जेवायला ते येतात.