यूजीसीची जेआरएफ: पाचव्या वर्षात लिहिलेला रिव्ह्यू

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला (जेआरएफ, पीएच.डी. करताना दर महिन्याला मिळणारी रक्कम) मी पाचपैकी साडेचार गुण देते. तीच फेलोशिप विद्यापीठातल्या ज्या टेबलावरून पुढे सरकते, त्या टेबलाला दोन. गुण वेगवेगळे देण्याचं कारण आहे. ही फेलोशिप नेटमधून, म्हणजे सहायक प्राध्यापक पद आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते. नेटची तयारी करणाऱ्या पोरापोरींना फेलोशिपची रक्कम तोंडपाठ असते, पण ती हातात कशी पडते हे रुजू होईपर्यंत कुणीच सांगत नाही.

मी राज्यातल्या एका विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते. विषय अठराव्या शतकातल्या गावपातळीवरच्या महसुलाचा. म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, मोडी वाचायची, उतरवून घ्यायचं. घरून पैसे मागवण्यासारखी परिस्थिती नव्हती. जेआरएफ लागली नसती तर हे संशोधन मी केलंच नसतं, कुठल्यातरी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिले असते. त्यामुळे पुढे जी तक्रार आहे ती योजनेवर जीव असलेल्या माणसाची आहे.

आधी पात्रता. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती, नॉन क्रिमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना 50 टक्के. इथे राउंडिंग चालत नाही. 54.9 म्हणजे 54.9च. जेआरएफसाठी वयाची अट 30 वर्षांची, आणि वर सांगितलेल्या सगळ्या प्रवर्गांना 5 वर्षांची सूट. हीच सूट सगळ्या महिलांना आहे, मग प्रवर्ग कुठलाही असो. हे अनेक जणींना माहीत नसतं. लग्न, बाळंतपण यांत दोन-तीन वर्षं गेली की आता वय संपलं असं समजून त्या फक्त सहायक प्राध्यापक पदासाठी फॉर्म भरतात. बायांनो, पस्तिशीपर्यंत जेआरएफचा रकाना भरा.

महाराष्ट्रातल्या मुलांनी जातीच्या दाखल्याबाबत एक गोष्ट नीट तपासून घ्यावी. नेटला केंद्राची ओबीसी यादी चालते, राज्याची नाही. राज्यात ओबीसी किंवा व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) म्हणून सवलत मिळत असली, तरी केंद्राच्या यादीत तुमच्या जातीचं नाव असायला हवं आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. नाव नसेल तर तुम्ही खुल्या प्रवर्गात धरले जाता. आर्थिक दुर्बल घटकातल्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या मुलांना फॉर्मच्या शुल्कात सवलत आहे, पण जेआरएफच्या वयात नाही. तहसील कार्यालयातून दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात यायच्या आधीच ही कामं उरकावीत.

परीक्षा मला रास्त वाटते. तीन तास, दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षेच्या आयोजनावर मात्र विश्वास ठेवणं कठीण झालंय. 18 जून 2024 ला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. आमच्या विभागातली काही मुलं तेव्हा वयाच्या काठावर होती. त्यांचे ते दोन महिने कसे गेले हे मी जवळून पाहिलंय, आणि त्याबद्दल आजही मला राग येतो.

पैशांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी 2021 मध्ये रुजू झाले तेव्हा महिन्याला 31,000 रुपये होते. 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफ 37,000 आणि दोन वर्षांनंतरची सीनिअर म्हणजे एसआरएफ 42,000 झाली. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे वेगळा. वाढ जाहीर झाली त्या वर्षाच्या सप्टेंबरात, पण लागू झाली जानेवारीपासून, म्हणजे मधला फरकही मिळाला. आयकर कायद्याप्रमाणे शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे. एकूण मुदत पाच वर्षांची. केंद्रीय विद्यापीठात नेटशिवाय पीएच.डी. करणाऱ्यांना महिना 8,000 मिळतात, ते आठवलं की या रकमेची किंमत कळते. 8,000 मध्ये शहरात खोली आणि मेस दोन्ही भागत नाही.

अटी वाचताना सगळे घाबरतात, पण बहुतेक अटी समजण्यासारख्या आहेत. पूर्णवेळ संशोधन करायचं, दुसरी नोकरी किंवा दुसरी फेलोशिप घ्यायची नाही. सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला 30 दिवस रजा. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी संशोधकाला नाही. हे प्राध्यापकांच्या घरातल्या मुलांनाही ठाऊक नसतं, मे महिन्यात गावी जाऊन बसतात. महिलांना मातृत्व आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत रजा आहे. वसतिगृहात खोली मिळत असताना ती नाकारून बाहेर राहिलात तर घरभाडे भत्ता जातो. विभागात प्रात्यक्षिकं घेणं, पेपर तपासणं अशी कामं देता येतात, पण आठवड्याला 10 तासांच्या वर नाही. ही ओळ मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट छापलेली आहे, आणि प्रत्येक संशोधकाने तिची प्रिंट काढून टेबलावर लावावी असं माझं मत आहे. विभागप्रमुखांच्या मुलांचे नोट्स टाइप करणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं ही कामं त्या 10 तासांत कुठेच बसत नाहीत.

आता त्या टेबलाकडे वळते.

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पगारासारखी एक तारखेला येते, असा समज असतो. तसं नाही. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, पण त्याआधी दर महिन्याला विद्यापीठाने बँकेच्या पोर्टलवर तुमचं कन्फर्मेशन टाकावं लागतं. हा विद्यार्थी या महिन्यात हजर होता, याचं काम चालू आहे, असं. त्यासाठी विद्यापीठात दोन माणसं नेमलेली असतात, एक मेकर आणि एक चेकर. मेकर माहिती भरतो, चेकर मंजूर करतो. दोघांपैकी एक जरी अडला तरी त्या महिन्याची फेलोशिप अडते. आणि त्या एका टेबलावर कॅम्पसवरच्या सगळ्या विभागांचे संशोधक असतात.

महिनाअखेरीस आमची साखळी अशी चालते. हजेरीपत्रकावर गाईडची सही, मग विभागप्रमुखांची सही आणि शिक्का, मग फेलोशिप विभागात आवक क्रमांक. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद कधीही देऊ नये. त्यानंतर टेबलावर विचारायचं.

“भाऊसाहेब, मागच्या महिन्याचं कन्फर्मेशन गेलं का?”

“माझ्याकडून गेलंय मॅडम. चेकर साहेब ट्रेनिंगला गेलेत.”

“त्यांच्या जागी दुसरं कोणी?”

“लॉगिन त्यांच्याच मोबाईलला जोडलंय ना. ओटीपी तिकडे जातो.”

भाऊसाहेबांचा यात दोष नव्हता. ते सज्जन माणूस, दुपारच्या डब्याच्या वेळेतही आमचे कागद बघायचे. पण पोर्टलवर ठरलेल्या तारखांच्या आत कन्फर्मेशन गेलं नाही की ते पुढच्या खेपेला जातं, आणि मग दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात. एकदम आलेल्या पैशांचा उपयोग काय? मेसवाला, घरमालक आणि पुण्याची एसटी यांतलं कोणीही कन्फर्मेशनची वाट बघत थांबत नाही. त्या काळात मी वर्गमैत्रिणींकडून उसने घेऊन पुण्याला गेलेय, आणि पैसे वेळेवर नाहीत म्हणून पुराभिलेखागारातलं काम अर्धं टाकून परतही आलेय. एक रुमाल बांधून परत दिला की पुढच्या वेळी त्यातल्या कागदांचा क्रम पुन्हा लावून घ्यावा लागतो. हे नुकसान कुठल्याही पोर्टलवर दिसत नाही.

योजना चांगली आहे म्हणूनच हे सांगतेय. चेकर रजेवर गेला तर दुसऱ्या अधिकाऱ्याला लॉगिन देणं, महिन्याचं कन्फर्मेशन झालं का याची यादी नोटीस बोर्डवर लावणं, ही दोन कामं कुलसचिवांच्या एका परिपत्रकाने होतात. त्याला यूजीसीची परवानगी लागत नाही, अनुदानही लागत नाही.

आकस्मिक खर्चाचा, म्हणजे कंटिन्जन्सीचा अनुभव वेगळाच. मानव्यशास्त्रांना पहिली दोन वर्षं 10,000 आणि नंतर वर्षाला 20,500 मिळतात, विज्ञानाला 12,000 आणि 25,000. पुस्तकं, झेरॉक्स, स्टेशनरी, फील्डवर्कचा प्रवास यासाठी ती रक्कम आहे. फर्निचर किंवा परीक्षा शुल्क त्यात बसत नाही. इथे बिलं कशी ठेवता यावर सगळं ठरतं. एसटीच्या मशिनमधून निघालेलं तिकीट काही महिन्यांत पुसट होतं, कोरा कागद उरतो. मी प्रवासातून उतरल्याबरोबर तिकिटाची झेरॉक्स काढते, त्यावर तारीख आणि कामाचं कारण लिहिते, आणि मूळ तिकीट त्याच पानाला डिंकाने चिकटवते. पुस्तकाच्या बिलावर स्वतःचं नाव, विभागाचं नाव, दुकानाचा जीएसटी क्रमांक आणि शिक्का असल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही. आमच्या ऑडिटने माझं एकही बिल परत पाठवलेलं नाही, आणि माझी ती फाइल आता विभागात नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात.

दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होते, तीही आपोआप नाही. विभागप्रमुख, गाईड आणि बाहेरचे एक तज्ज्ञ अशी समिती काम बघते. काम कमी पडलं तर जेआरएफवरच आणखी एक वर्ष सुधारायला मिळतं. ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते. गोची होते ती बाहेरच्या तज्ज्ञांच्या तारखेपाशी. बैठक उशिरा झाली की 42,000 चा आदेशही उशिरा निघतो. दोन वर्षं संपायच्या आधी तीन महिने गाईडना आठवण करा, लेखी.

ज्यांना जेआरएफ लागली नाही त्यांनी निराश होऊ नये. नेटच्या निकालात आता फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र अशी तिसरी यादीही असते, तिथे 70 टक्के वजन नेटच्या गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला. प्रवेश झाला की महाराष्ट्रात राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी, व्हीजेएनटी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी फेलोशिप देते. रक्कम चांगली असते, पण जाहिरात कधी निघेल आणि पैसे कधी सुरू होतील यासाठी मुलांना आझाद मैदानापर्यंत जावं लागलंय. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीचीच सावित्रीबाई जोतीराव फुले सिंगल गर्ल चाइल्ड फेलोशिप बघा. तिथे नेटची अट नाही, खुल्या प्रवर्गाला वय 40 पर्यंत चालतं आणि रक्कम जेआरएफइतकीच. भाऊ-बहीण नसल्याचं प्रतिज्ञापत्र 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लागतं. ही योजना गावोगावच्या महाविद्यालयांत नीट पोहोचलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप मात्र केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. आमच्या शेजारच्या विभागात तिच्या भरवशावर एम.ए. पूर्ण केलेल्या दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी तसाच पर्याय उभा राहिला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

शेवटच्या वर्षात असणाऱ्यांसाठी एक अट राहिली. पाच वर्षं किंवा प्रबंध सादर करण्याचा दिवस, यांतलं जे आधी येईल तिथे फेलोशिप थांबते. पीएच.डी.ची मुदत नियमाने सहा वर्षांपर्यंत असते, फेलोशिप पाचच वर्षं. शिवाय प्रबंध दिल्यावर परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईपर्यंत काही महिने जातात, त्या काळात एक रुपयाही येत नाही. माझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा गोषवारा, झालाय, प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं गाईडकडे आहेत. एसआरएफ लागल्यापासून दर वेळी पैसे आले की 5,000 रुपये पोस्टाच्या आरडीत टाकत आले, त्यावर बांधणी, छपाई आणि व्हायवापर्यंतची मेस निघेल.