दहा दिवस की तीन दिवस? सोलापुरातून मौन शिबिराला निघणाऱ्यांसाठी

मौन शिबिराला जायचं हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो: इगतपुरीच्या धम्मगिरीवरचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करावं, की शनिवार-रविवारला जोडून येणारं एखाद्या संस्थेचं तीन दिवसांचं निवासी शिबिर? मी दोन्ही केली आहेत. विपश्यना (शरीरातल्या संवेदना नुसत्या पाहणं) काय, आनापान (येणारा-जाणारा श्वास पाहणं) काय, हे तुम्ही वाचलेलं असणारच, म्हणून निवड करताना कामी येईल तेवढंच लिहितो.

‘आधी तीन दिवसांची विपश्यना करून बघतो, जमली तर दहाची’ असं बरेच जण म्हणतात. तसं करता येत नाही. धम्मगिरी हे विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं केंद्र. त्या परंपरेत एक आणि तीन दिवसांची शिबिरं आहेत, पण ती दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्या जुन्या साधकांसाठी. नव्या माणसाची सुरुवात दहा दिवसांपासूनच. तेव्हा तुमच्यासमोरचं तीन दिवसांचं शिबिर हे वेगळ्या पद्धतीचंच असणार: थोडा प्राणायाम, थोडी आसनं, कुणीतरी बोलत बोलत करून घेतलेलं ध्यान आणि अधेमधे मौन.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. शुक्रवारी निघून मंगळवारी सकाळी नवी पेठेत दुकान उघडता येतं. रात्रीचं जेवण मिळतं. गुडघे धरले तर उठून दोन पावलं चालायला कुणी हरकत घेत नाही. घरच्यांना समजावणंही सोपं. मी ज्या शिबिराला गेलो तिथली जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ, आणि पहिल्या दोन रात्री मला जी झोप लागली ती घरी क्वचितच लागते. आमचं घर पूर्व भागात. लूमचा खडखडाट लहानपणापासून कानात बसलेला. नुसती शांतता मिळाली तरी शरीर सैलावतं. तुम्हाला विश्रांतीच हवी असेल तर तीन दिवस पुरतात, असं मला मनापासून वाटतं.

माझी अडचण झाली ती संध्याकाळच्या शेअरिंगने. दिवसभर मौन, आणि सात वाजता सगळ्यांनी गोल बसून ‘आज काय अनुभव आला’ ते थोडक्यात सांगायचं. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पहिल्या दिवशी मलाही वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे मिटून बसलो, श्वास जरा संथ झाला, आणि लगेच मनात वाक्य तयार झालं: ‘आज मला श्वास संथ झाल्यासारखा वाटला.’ मग ते वाक्य जास्त नीट कसं मांडता येईल याचा विचार. आदल्या दिवशी एका ताईंनी फार सुंदर सांगितलं होतं, तेव्हा आपलंही काहीतरी असायला हवं, ही ओढ. दुपारपर्यंत ध्यान बाजूला राहिलं आणि संध्याकाळचं बोलणं पाठ होऊ लागलं. तोंड बंद होतं, पण आत अखंड निवेदन चालू. बोलायचं नसेल तर बोलू नका, अशी सवलत होती, पण सगळे बोलत असताना आपण गप्प बसलो की त्याचाही विचार मन करतंच. इतरांना याचा त्रास होत नसेलही. त्या वर्तुळात काही जण मोकळेपणी रडले, त्यांना बरं वाटलं, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. माझ्यापुरता मात्र दोन शिबिरांमधला फरक तिथेच ठरला.

धम्मगिरीवर हे नाही. आर्य मौन दहाव्या दिवशीच्या सकाळपर्यंत चालतं, आणि त्यात खाणाखुणाही आल्या. वही, पेन, पुस्तक, फोन सगळं जमा. दुपारी आचार्यांना साधनेतली शंका विचारता येते, राहण्या-जेवणाचं काही अडलं तर सेवकांना सांगता येतं, बाकी अनुभव कुणाला सांगायचाच नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. तिथेही माझ्या मनात वाक्यं बनत होती. पण ऐकवायला कुणी नाही म्हटल्यावर हळूहळू ती बनायची थांबली. हे मला तिसऱ्या दिवसानंतर जाणवलं, म्हणजे छोटं शिबिर संपून मी बॅग भरत असतो त्या सुमाराला. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, मग अधिष्ठान: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पायाला मुंग्या येतात, कळ वाढते, आणि तशीच ओसरतेही. ते बसून पाहिल्यावर दुकानात गिऱ्हाइकाच्या बोलण्याने जी तिडीक उठते तिच्याकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. राग येतो, पण त्याच्यामागे जाण्याआधी थोडी जागा मिळते.

फायद्यांबद्दल फार मोठं काही ऐकलं असेल तर जरा सबुरीने घ्या. २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी झालेल्या दिसल्या. झोप किंवा एकाग्रतेबद्दल तसा पुरावा मिळाला नाही. त्यातले बरेचसे कार्यक्रमही काही आठवड्यांच्या वर्गांचे होते, मौन शिबिरांचे नव्हेत. आणि गंभीर मानसिक आजार असेल किंवा त्याची औषधं चालू असतील, तर दहा दिवसांच्या फॉर्ममध्ये ते स्पष्ट लिहा, डॉक्टरांशी बोला. अशांना हे शिबिर सहसा सुचवलं जात नाही, आणि ते योग्यच आहे.

दहा दिवसांची खरी किंमत वेळेची. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान. पण येण्या-जाण्यासकट बारा-तेरा दिवस जातात. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत असाल तर विपश्यनेसाठी रजेची तरतूद आहे, कार्यालयात चौकशी करा. आपल्यासारख्या दुकानदारांनी दिवाळी आणि लग्नसराई टाळावी. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा सोडून कुणी निघणारही नाही. पावसाळ्यात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत. कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला ती ओल सोसत नाही. मी फेब्रुवारी सुचवेन. तेव्हा पहाटेसाठी स्वेटर मात्र हवा, कारण घंटा चारला होते. नव्या साधकांना संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं फळ, त्यानंतर काही नाही. दुसऱ्या दिवसानंतर त्या भुकेचा त्रास मला झाला नाही. जेवण सात्त्विक, शेंगाचटणीची आठवण येणारच. खाली बसवत नसेल तर खुर्ची मागा, मिळते.

दोन्हींपैकी एकच करायचं असेल आणि बारा दिवस कसेही काढता येत असतील, तर माझं मत इगतपुरीकडे झुकतं. वेळ निघतच नसेल तर तीन दिवसांचं करा, पण नाव नोंदवण्याआधी संध्याकाळी शेअरिंग असतं का एवढं फोनवर विचारून घ्या.

जाताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून कल्याणला उतरा, तिथून नाशिककडची गाडी कसारा घाट चढून इगतपुरीला सोडते. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपतं. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं मिळतं, पण घरी पोचल्यावर लगेच दुकान उघडू नका, तो एक दिवस मोकळा ठेवा.