जुन्या ऑटोमॅटिक सिटीचं गिअर ऑइल बदललं, त्याला आठ महिने झाले

गाडी २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. रोजचा रस्ता मानपाडा ते ऐरोली. म्हणजे कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, आणि त्यातला निम्मा वेळ ब्रेकवरून पाय न काढता. अशा रांगत्या ट्रॅफिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) सतत घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता गिअरच्या ऑइलमध्ये जाते. हायवेवर पळालेल्या लाखापेक्षा ठाण्यातला लाख किलोमीटर या ऑइलला जास्त भारी पडतो.

मे महिन्यात गाडीने दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना थरथरायला सुरुवात केली. तीस-पस्तीसच्या वेगात रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटायचं. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काही नाही, मग धक्का. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “हे लाइफटाइम ऑइल आहे, हात लावायचा नाही.” कुणाची लाइफ, ते नाही सांगितलं. दुसऱ्या एकाने घाबरवलं, की लाखानंतर ऑइल बदललं की गिअरबॉक्सच बसतो.

या दुसऱ्या भीतीत थोडं तथ्य आहे, पण उलट्या बाजूने. आतल्या क्लच प्लेटा संपल्या, गिअर सुटायला लागला, म्हणजे पकड धरेनासा झाला की लोक ऑइल बदलतात. गिअरबॉक्स जाणारच असतो, नाव ऑइलचं होतं. शिवाय मशिनने दाब देऊन फ्लश केलं, म्हणजे जुनं ऑइल धुऊन काढलं तर आत बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. माझा गिअर सुटत नव्हता, म्हणून फ्लश न करता नुसतं काढायचं आणि भरायचं ठरवलं. तेही तीनदा.

तीनदा का, तर खालचा प्लग उघडला की अडीच लिटरच्या आसपास निघतं. एकूण ऑइल सहा लिटरच्या घरात. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. या हिशोबाने पहिल्या खेपेला नवं ऑइल ४२ टक्के, दुसऱ्या खेपेला ६६, तिसऱ्या खेपेला ८०. चौथी खेप मला परवडली असती, पण गरज वाटली नाही.

वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेस्त्रींकडे लिफ्टवर काम केलं. ऑइल होंडाचंच, डीडब्ल्यू-१. इथे काटकसर नको, आणि सीव्हीटीचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तर चुकूनही नको. प्लगच्या चौकोनी खाचेत ३/८ चा रॅचेट सरळ बसतो, वेगळा पाना लागत नाही. वॉशर मात्र दर खेपेला नवा. पहिलं ऑइल निघालं ते उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं, वासही करपट. प्लगच्या चुंबकावर काजळासारखा लेप होता. मेस्त्रींनी तो बोटावर चोळून पाहिला. “लेप चालतो साहेब, तुकडे नकोत.” तुकडे नव्हते. या गिअरबॉक्सला खाली सोडता येणारं पॅन नाही, त्यामुळे आतला फिल्टर तसाच राहिला.

जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन खेपा झाल्या. मध्ये प्रत्येक वेळी सात-आठशे किलोमीटर चालवली, म्हणजे जुनं-नवं नीट मिसळतं. आठ बाटल्या, वॉशर आणि मजुरी मिळून सात हजारांच्या थोडं वर गेले.

एक गाढवपणा माझा. दुसऱ्या खेपेनंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी थंड गाडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काठी पाहिली, लेव्हल कमी दिसली, पाव लिटर ओतून मोकळा झालो. संध्याकाळी इंजिन गरम असताना पाहिलं तर खुणेच्या बरंच वर, आणि काठीला फेस. नळी लावलेल्या सिरिंजने थेंबाथेंबाने उपसायला तासभर गेला; बायको गॅलरीतून विचारत होती की गाडीला इंजेक्शन देतोयस का. या गाडीत लेव्हल इंजिन पूर्ण गरम करून, सपाट जागी, बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत पाहायची असते. गाडी थंड असताना ऑइल आकसतं आणि काठी फसवते.

फरक? पहिल्या खेपेनंतर जवळजवळ काही नाही, पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. दुसरीनंतर थरथर कमी झाली. तिसरीनंतर दोन आठवड्यांनी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलं होतं, पाऊण तास रांगेत होतो, तेव्हा लक्षात आलं की गाडी एकदाही थरथरली नाही. तेव्हापासून आजपर्यंत नाही. गायमुखच्या चढावरही गिअर चटकन आणि गुपचूप पडतो. मायलेज मात्र होतं तेवढंच, शहरात नऊ-साडेनऊ.

सकाळचा रिव्हर्स पूर्ण सुधारला नाही. दोन सेकंदांचा एक झाला, धक्का सौम्य झाला. मेस्त्रींच्या मते आतले सील कडक झालेत, ते ऑइलने मऊ होणार नाहीत. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा तर या गाडीच्या किमतीत ते बसत नाही. म्हणून आता रिव्हर्स टाकतो, ब्रेक दाबून ठेवतो, गिअर लागल्याची हलकी चाहूल पायाला लागली की मगच पाय काढतो. पुढचं ऑइल १ लाख ३५ हजारला, तेव्हा एकच खेप.