गावात राहून वायरलेस हेडफोन घ्यायचा असेल, तर तिघांपैकी कोणता घ्यावा?

दीड हजारापासून साडेचार हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी असलेल्या माणसापुढे कानावर टेकणाऱ्या वायरलेस हेडफोनांमध्ये बहुधा तीन नावे येतात: बोटचा रॉकर्झ 450, जेबीएलचा ट्यून 520बीटी आणि सोनीचा डब्ल्यूएच-सीएच520. पहिला साधारण दीड हजाराच्या आसपास मिळतो. सोनीचा 2023 मध्ये 4,490 रुपयांना बाजारात आला, आणि सवलतीच्या दिवसांत तो व जेबीएलचा बऱ्याचदा याहून कमी किमतीत मिळून जातात. तिघांपैकी एकातही बाहेरचा गोंगाट विजेच्या साहाय्याने दाबण्याची सोय नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर तुलना करण्याचे कारणच उरत नाही. शहरातल्या वाचकासाठी लिहिलेल्या परीक्षणांत या तिघांचा निवाडा मुख्यतः आवाजावर होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात मात्र आवाजाइतकेच वजन रेडिओ, ऊन, घाम आणि दुरुस्तीचे अंतर यांनाही द्यावे लागते.

आधी प्रकाराविषयी थोडे. हे हेडफोन कानाला वेढत नाहीत, कानाच्या पाळीवर टेकतात, आणि त्यामुळे बाहेरचा आवाज थोडाफार आत येतच राहतो. एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यास हा दोषच आहे, कारण इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. घरी मात्र हाच गुण ठरतो, कारण अंगणातून आईने दिलेली हाक ऐकू येते. एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात ओलितासाठी बांधावर जाताना यांपैकी कोणताही हेडफोन दोन्ही कानांवर चढवून जाऊ नये. सापाची सळसळ आणि रानडुकराची चाहूल ऐकू येण्यासाठी कान मोकळेच हवेत. शेतात नेण्यासाठीच काही घ्यायचे असेल, तर नेकबँड घेऊन त्याची एकच बोंडी कानात घालणे बरे, आणि तो खिशालाही परवडतो. उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधला की डोक्यावरून जाणारी पट्टी नीट बसत नाही, ही अडचण तर निराळीच.

आता रेडिओ. मोबाइलमधल्या एफएमला अँटेना म्हणून तारेच्या इअरफोनची तारच लागते. तार न जोडता केवळ ब्लूटूथवर अकोला, यवतमाळ किंवा चंद्रपूरचे आकाशवाणी केंद्र लावू पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. रॉकर्झ 450 ला तार जोडण्याची सोय आहे, म्हणून मोबाइलला इअरफोनचे छिद्र असेल तर त्यावर एफएम ऐकता येतो, शिवाय बॅटरी उतरल्यावरही गाणी चालू राहतात. जेबीएल आणि सोनी या दोन्हींत ही सोय नाही. त्यांच्यावर आकाशवाणी ऐकण्यासाठी न्यूजऑनएआर हे अॅप घ्यावे लागते, आणि अॅप म्हटले की नेटवर्क आणि डेटा दोन्ही आले. नागपूर केंद्राचे 585 किलोहर्ट्झवरचे मध्यम लहरींचे प्रसारण मोबाइलचा एफएम पकडत नाही, म्हणून त्यासाठी तिघांनाही अॅपचाच आधार आहे. माझ्या वडिलांसाठी घ्यायचा झाला तेव्हा या एकाच कारणाने रॉकर्झ ठरला, आणि उरलेल्या दोघांचा आवाज ऐकूनही त्यांनी मत बदलले नाही.

आवाजाच्या बाबतीत खोक्यावर छापलेला आकडा फसवा असतो. रॉकर्झमध्ये 40 मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर, आहे, जेबीएलमध्ये 33 चा आणि सोनीमध्ये 30 चा, परंतु ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला असे समीकरण मांडता येत नाही. तिन्हींवर एकच खंजिरी भजन लावून पाहिले असता रॉकर्झवर ठोका छातीत घुमतो आणि गायकाचे शब्द त्याखाली दबतात. जेबीएलवर ठोका तितकाच भरीव असूनही शब्द सुटे राहतात. सोनीवर खंजिरी थोडी मवाळ वाटते, पण झांज, खंजिरी आणि कंठ या तिन्हींची जागा वेगवेगळी कळते. भाषण ऐकण्यात सोनी सरस आहे. माझा पुतण्या पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज दोन-अडीच तास मोबाइलवर वर्ग ऐकतो, आणि शिक्षक पुटपुटले तरी वाक्य मागे नेऊन ऐकण्याची वेळ त्याच्यावर सोनीमुळे कमी येते. जेबीएल आणि सोनी या दोघांनाही स्वतःचे अॅप आहे, त्यातून जड सूर कमी-जास्त करता येतात. रॉकर्झ जसा आहे तसाच ऐकावा लागतो.

बॅटरीचे अंतर कागदावर मोठे दिसते: रॉकर्झ 15 तास, सोनी 50 तास आणि जेबीएल 57 तास. हे आकडे कंपन्यांचे असून मध्यम आवाजाचे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात काही तास कमी धरावेत. रोज दोन तास ऐकणाऱ्याला रॉकर्झ आठवड्यातून एकदा चार्ज करावा लागेल आणि उरलेले दोघे तीन आठवडे सहज काढतील. घरात दिवे जाण्याचे प्रमाण जास्त असेल, तर मला या अंतरापेक्षा झटपट चार्जिंग मोलाचे वाटते. जेबीएल पाच मिनिटांच्या चार्जिंगवर तीन तास चालतो आणि सोनी तीन मिनिटांवर दीड तास. दोघांनाही टाइप-सी पिन लागते, म्हणजे मोबाइलचीच वायर चालते; रॉकर्झला मात्र जुनी मायक्रो-यूएसबी पिन लागते आणि ती वायर घरात ऐन वेळी सापडत नाही.

उन्हाविषयी अधिक काटेकोर राहावे लागते. सोनीच्या माहितीपत्रकानुसार चार्जिंग 15 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात करणे योग्य. चंद्रपूर, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या घरात दुपारी त्याहूनही जास्त उकडते. लिथियमची बॅटरी अशा उष्णतेत भरत राहिली तर तिची क्षमता लवकर घटते, म्हणून उन्हाळ्यात पहाटे चार्ज करावे आणि दुपारी हेडफोन मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नये. ही सूचना तिन्हींना सारखीच लागू आहे.

घामाचा प्रश्न त्याहून चिवट आहे. तिघांच्याही कुशनवर कृत्रिम चामडे आहे, आणि घाम-पाण्यापासून बचावाचा दावा तिघांपैकी एकही कंपनी करीत नाही. पूर्वी माझ्याकडे एका वेगळ्याच कंपनीचा हेडफोन होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या कुशनचे काळे पापुद्रे कानाला चिकटू लागले आणि बदली कुशन कुठेच मिळेना, म्हणून चालू स्थितीतला हेडफोन बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून ऐकून झाले की कोरड्या फडक्याने कुशन पुसून ठेवतो. वजनात सोनी 147 ग्रॅमचा आणि जेबीएल 157 ग्रॅमचा आहे. चष्मा लावणाऱ्याला दहा ग्रॅमच्या फरकापेक्षा कानावरचा दाब अधिक जाणवतो, आणि त्यात जेबीएल जरा घट्ट बसतो. प्रवासात मात्र तोच सोयीचा आहे, कारण तो घडी होऊन लहानशा पिशवीत मावतो, तर सोनीच्या वाट्या नुसत्या आडव्या वळतात.

फोनवर बोलण्यासाठी तिन्हींचे माइक घरात पुरेसे आहेत आणि वाऱ्यात तिन्ही कमी पडतात. मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडून ठेवण्याची सोय जेबीएल आणि सोनीत आहे. घरात लॅपटॉप नसेल तर तिचे मोल शून्य.

आवाज किती ठेवावा, याला जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले माप उपयोगी आहे: 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास. आवाज त्याहून वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होते. म्हणून एसटीतल्या दीड तासात आवाज चढवण्यापेक्षा हेडफोन गळ्यात ठेवलेला बरा.

खरेदी बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच्या ढिगातून करू नये, कारण तिथे नामांकित शिक्क्याची हुबेहूब नक्कल चारशे रुपयांत मिळते. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. बिल जपून ठेवावे आणि ऑनलाइन मागवल्यास परतीची मुदत संपण्यापूर्वी रोज ऐकून घ्यावे. घेण्याआधी आपल्या तालुक्यापासून त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते विचारावे. दुरुस्तीसाठी नागपूर किंवा अमरावतीला दोन फेऱ्या माराव्या लागल्या, तर दीड हजारांच्या हेडफोनवर निम्मी रक्कम तिकिटातच जाते. दुकानात जमलेच, तर चष्मा लावून किमान वीस मिनिटे तो कानावर ठेवावा, कारण पाळीवरचा दाब पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.