खोल समुद्रातले मासे आमच्या भिंतीवर: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत तीन प्रिंट्स मागवल्या होत्या. तिन्ही ए-टू साइझच्या, फ्रेमशिवाय, मिळून साडेसात हजार रुपये. बॅरलआय, फँगटूथ आणि अँगलरफिश. आई म्हणाली, "एवढ्यात महिनाभराची पापलेटं आली असती, आणि ती खाताही आली असती." घर ठाण्यात, हॉलला पश्चिमेची खिडकी, एक भिंत पावसाळ्यात ओल धरणारी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं निम्मं रडगाणं त्यातूनच निघालंय.

पैसे वसूल झाले ते बॅरलआयमुळे. कोणीही पाहुणा आला की तोंडावरच्या दोन काळ्या ठिपक्यांना डोळे समजतो. त्या नाकपुड्या! डोळे म्हणजे काचेसारख्या आरपार डोक्याच्या आत दिसणारे दोन हिरवे घुमट. हा मासा १९३९ पासून शास्त्राला ठाऊक आहे, पण जाळ्यातून वर येताना डोक्यावरचं ते नाजूक आवरण फाटून जायचं, त्यामुळे जुन्या चित्रांत ते नाहीच. ब्रूस रॉबिसन आणि किम रायझनबिश्लर या कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दूरनियंत्रित पाणबुडीच्या कॅमेऱ्यातून तो सहाशे-आठशे मीटर खोलीवर जिवंत पाहिला. वर बघणारे डोळे आतल्या आत फिरून समोर वळतात, हे त्यांनी २००८ मध्ये मांडलं. माझी प्रिंट व्हिडिओतल्या फ्रेमवरून केलेली असावी. हातभर अंतरावरून त्या आवरणाची निळसर कड छान दिसते, नाक लावलंत तर नुसते दाणे. सोफ्यावरून उत्तम.

फँगटूथची गोष्ट वेगळी. हा मासा इतका काळा असतो की फोटोत नुसती आकृती उमटते. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संशोधक कॅरन ऑसबॉर्न यांनी अशा माशांवर प्रकाश टाकून टाकून वैताग घेतला, आणि त्यातूनच २०२० चा तो अभ्यास झाला: किमान सोळा जातींची त्वचा पडलेल्या प्रकाशातला साडेनव्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग गिळते. रंगद्रव्याचे कण इतके दाटीने बसलेले असतात की एकाने न शोषलेला प्रकाश परत न फिरता शेजारच्याकडे सरकतो. आता असा मासा कागदावर छापायचा कसा? विकणाऱ्याने उजेड वाढवून त्याला चॉकलेटी करून टाकलाय. दात मात्र झकास आलेत. आणि हो, हा अक्राळविक्राळ प्राणी प्रत्यक्षात वीतभरही नसतो. ए-टूवर तो परातीएवढा दिसतो, म्हणून भाची अजून त्याच्याखालून पळत जाते.

खरा घोळ काचेने केला. उजेड परत न देणारा मासा, आणि त्याच्या पोटात संध्याकाळी आमची अख्खी खिडकी, ट्यूबलाइट, टीव्हीवरच्या बातम्या! काळ्या फोटोवर साधी काच म्हणजे आरसाच. शिवाय फ्रेमवाल्याने "माउंट कशाला, फोटो मोठा दिसेल" म्हणून काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवणारी ती पुठ्ठ्याची चौकट गाळली, कागद थेट काचेला टेकवला आणि मीही मान डोलावली. जुलैत ओल आली, कागद फुगला, आणि शेपटीजवळ रुपयाएवढा डाग काचेला चिकटला. ओढून काढला असता तर शाई निघाली असती, म्हणून तसाच ठेवलाय. बॅरलआयला दोन इंची माउंट होता, त्याला काहीही झालं नाही. मॅट कागद उघडा ठेवणार असाल तर फडका फिरवू नका. काळ्यावर चकाकणारा ओरखडा उठतो आणि तो जात नाही. मऊ ब्रशने धूळ झटका.

अँगलरफिश सर्वांत देखणा होता. चार महिने मीही तोऱ्यात दाखवायचो. मग भाचीने विचारलं, "मामा, याच्या पापण्या का आहेत?" जवळ जाऊन बघतो तर खरंच पापण्या, पोटाखाली परांची छानशी जोडी, आणि टॉर्चसारखे भलेमोठे डोळे. खोल पाण्यातल्या अँगलरच्या मोठ्या मादीचे डोळे बारके असतात आणि पोटाखालचे ते पर तिला नसतातच. म्हणजे फोटो नव्हताच, संगणकाने रचलेलं चित्र होतं. विकणाऱ्याला लिहिलं, तर उत्तर आलं, "हे कलात्मक रूप आहे." वर्णनात मात्र 'फोटोग्राफी' छापलेलं. परताव्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. घेण्याआधी माशाचं शास्त्रीय नाव आणि फोटो कोणी काढला हे विचारा. बॅरलआयच्या पाठीमागे नाव छापलेलं होतं, याच्यामागे नुसता बारकोड. तेव्हाच शंका यायला हवी होती.

फँगटूथ आता पॅसेजमध्ये गेलाय. तिथे खिडकी नाही, त्यामुळे थोडा तरी काळा दिसतो. दिवाळीनंतर त्याची काच बदलून न चमकणारं अ‍ॅक्रिलिक लावणार आहे, डागासकट. अँगलरफिश कपाटामागे. त्याच्या खिळ्यावर आईने कालनिर्णय लावलंय.