गोल्डन नगेट, लास वेगास: दोन मित्रांनी घेतलेले आणि विकलेले कॅसिनो

लास वेगासच्या फ्रीमाँट स्ट्रीटवरील गोल्डन नगेट हे कॅसिनो १९४६ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून त्याचे मालक अनेकदा बदलले. त्यांपैकी टिम पोस्टर आणि टॉम ब्राइटलिंग या दोन मित्रांची मालकी अगदीच अल्पकाळाची ठरली. जानेवारी २००४ मध्ये ते आले आणि सप्टेंबर २००५ मध्ये बाहेर पडले. आज या हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्याला त्यांची नावे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. तरीही या जागेचे परीक्षण त्यांच्यापासून सुरू करावेसे वाटते, कारण कॅसिनो असलेल्या हॉटेलाची पारख खोली, जेवण आणि पोहण्याचा तलाव यांना गुण देऊन पूर्ण होत नाही. मालकाने स्वतःचा पैसा नेमका कशावर लावला आहे हे तेथे पाहावे लागते, आणि या एकाच इमारतीत दोन लागोपाठच्या मालकांनी अगदी वेगळ्या गोष्टींवर पैसा लावला होता.

पोस्टर लास वेगासमध्येच वाढलेले, तर ब्राइटलिंग बाहेरून आलेले. दोघांनी मिळून हॉटेलांच्या खोल्यांचे आरक्षण करून देणारा व्यवसाय वाढवला, तो फोनवरून इंटरनेटवर नेला आणि ट्रॅव्हलस्केप ही कंपनी २००० मध्ये एक्सपीडिया या प्रवास-आरक्षणाच्या कंपनीला विकली. दुसऱ्यांच्या रिकाम्या खोल्या भरून देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. हाती पैसा आल्यावर मात्र त्यांनी आणखी एखादी आरक्षण कंपनी न काढता कॅसिनो विकत घ्यायचे ठरवले. एमजीएम मिराज कंपनीकडून लास वेगासचे गोल्डन नगेट आणि कोलोराडो नदीकाठच्या लाफलिन गावातील त्याच नावाचे छोटे हॉटेल अशा दोन्ही मालमत्ता त्यांनी २१.५ कोटी डॉलरला घेतल्या. त्या वेळी दोघेही तिशीत होते.

या व्यवहारातील सर्वांत बोलका आकडा खरेदीच्या किमतीचा नाही, कर्जाचा आहे. त्यांनी १५.५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले होते आणि त्यांवरील व्याजाचा दर पावणेनऊ टक्के होता. म्हणजे वर्षाला सुमारे १.३६ कोटी डॉलर, दिवसाला साधारण ३७ हजार डॉलर नुसते व्याजाचे. टेबलांवर त्या रात्री कॅसिनो जिंको वा हरो, खोल्या भरोत वा रिकाम्या राहोत, ही रक्कम चुकत नाही. भागीदारीत धंदा करू पाहणारे बहुतेक लोक नफ्याची वाटणी आधी ठरवतात; कॅसिनोच्या धंद्यात त्याआधी हे ठरवावे लागते की एखादा आठवडा उलटा गेला, तर व्याज कोठून भरायचे.

परवान्याचे प्रकरणही किरकोळ नसते. नेवाडा राज्यात जुगार १९३१ पासून कायदेशीर असला, तरी कॅसिनोचा मालक होण्यासाठी आधी तीन सदस्यांच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाची आणि मग पाच सदस्यांच्या गेमिंग कमिशनची मंजुरी लागते. अर्जदाराचे आर्थिक व्यवहार, जुनी कर्जे, ऊठबस कोणाशी आहे, हे सारे तपासले जाते आणि त्या तपासाचा खर्चही अर्जदारालाच भरावा लागतो. भागीदारांपैकी एकाचे कागद स्वच्छ असून भागत नाही. मैत्रीत आपण ज्या गोष्टी एकमेकांना कधी विचारत नाही, त्या येथे सरकार विचारते.

ताबा मिळाल्यावर या दोघांनी जुन्या वेगासचा थाट परत आणायचा चंग बांधला. रंगमंचावर गायक आणले, टेबलांवरील पैजेच्या मर्यादा वाढवल्या आणि मोठ्या रकमा लावणाऱ्या खेळाडूंना आग्रहाने बोलावले. त्यांच्या कारभारावर फॉक्स वाहिनीने २००४ मध्ये एक मालिकाही दाखवली, त्यामुळे नाव गाजले. जाहिरात म्हणून हे सारे उत्तम होते. खेळणाऱ्याच्या दृष्टीनेही ते चांगलेच होते, कारण शहराच्या या जुन्या भागात एवढी मोठी पैज स्वीकारणारे टेबल सहसा मिळत नसे. प्रश्न हिशेबाचा होता.

बॅकरा या पत्त्यांच्या खेळाचे उदाहरण घेतले म्हणजे तो नीट कळतो. त्यात ‘बँकर’ या बाजूवर लावलेल्या पैजेत कॅसिनोच्या पारड्यात सरासरी १.०६ टक्के पडतात. एखाद्या खेळाडूने डावाला एक लाख डॉलर या दराने शंभर डाव खेळले, तर कॅसिनोची अपेक्षित कमाई जेमतेम १ लाख ६ हजार डॉलर होते. पण तेवढ्याच शंभर डावांत नशिबाच्या चढउताराने रक्कम नऊ-दहा लाख डॉलर इकडे किंवा तिकडे जाणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. अशा एका रात्री कॅसिनो दहा लाखांनी हरले, तर त्यात कोणाची चूक नसते आणि कोणाची लबाडीही नसते. पंचवीस-पंचवीस डॉलर लावणारे हजारो लोक रोज येत असतील, तर ही चढउतार एकमेकांत जिरून जाते आणि टक्क्याचा हिशेब जवळजवळ पगारासारखा हाती येतो. मोजकेच बडे खेळाडू आले तर ती जिरत नाही. अनेक हॉटेलांची मालकी असलेली कंपनी एका हॉटेलातला असा महिना दुसऱ्यावर भागवून नेते, पण एकच मुख्य हॉटेल आणि डोक्यावर पावणेनऊ टक्क्यांचे कर्ज असलेल्या मालकांना ती सोय नसते. मर्यादा वाढवणे म्हणजे कॅसिनोच्या मालकाने स्वतःच जुगार खेळायला बसणे होय, असे मला वाटते, आणि तिशीतल्या दोन मित्रांना ते आवडले असेल यात नवल नाही.

फेब्रुवारी २००५ मध्ये लँड्रीज या उपाहारगृहांच्या कंपनीने दोन्ही मालमत्ता विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये व्यवहार पुरा झाला. किंमत कर्जासह २९.५ कोटी डॉलर होती, म्हणजे त्यांच्या अंगावरचे १५.५ कोटींचे रोखे नव्या मालकाने पत्करले आणि १४ कोटी वेगळे दिले. दोन किमतींतला फरक ८ कोटी डॉलरचा होतो. मधल्या काळात झालेला खर्च त्यातून वजा करावा लागेल, पण तोट्यात बाहेर पडलेल्या भागीदारांची ही गोष्ट नव्हे. टेबलांवरच्या मोठ्या पैजांपेक्षा जागेच्या मालकीने त्यांना अधिक हात दिला, असा निष्कर्ष मी यातून काढतो.

आता आजच्या हॉटेलाकडे वळावे. आत शिरल्यावर दिसणारा पांढरा संगमरवर आणि सोनेरी पितळ हा आधीचे एक मालक स्टीव्ह विन यांच्या काळचा वारसा आहे. विन यांनी १९७३ मध्ये कॅसिनोचा ताबा घेतला तेव्हा येथे राहायला खोल्याच नव्हत्या. हॉटेलाची पहिली इमारत १९७७ मध्ये उभी राहिली. आज खोल्यांची संख्या सुमारे २,४०० आहे. लॉबीत काचेआड ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा सोन्याचा गोळा ठेवलेला आहे. तो १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर येथे धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने सापडला, त्याचे वजन २७ किलोंहून थोडे अधिक आहे आणि कॅसिनोने तो दहा लाख डॉलरहून अधिक किंमत देऊन घेतला. लांबी सत्तेचाळीस सेंटिमीटर, कडा वेड्यावाकड्या, पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा. दागिन्याच्या झळाळीची अपेक्षा ठेवून आलेल्याचा थोडा हिरमोड होतो, पण जरा थांबून पाहिले तर वितळवून घडवलेल्या सोन्यात न दिसणारा मातीचा खडबडीतपणा त्यात दिसतो. तो पाहायला पैसे पडत नाहीत आणि तेथवर जाताना मशिनांच्या रांगांमधून मात्र जावे लागते, ही योजना ज्याने केली त्याला धंदा कळत होता.

हॉटेलाचा खरा मानाचा भाग म्हणजे लँड्रीजने २००६ च्या अखेरीस उघडलेला तलाव. त्याच्या मध्यभागी सुमारे २ लाख गॅलन, म्हणजे साडेसात लाख लिटरांवर पाण्याचे शार्क माशांचे मत्स्यालय आहे आणि तीन मजली घसरगुंडीची पारदर्शक नळी त्या मत्स्यालयाच्या पोटातून जाते. घसरगुंडीची कीर्ती मोठी असली, तरी त्या वेगात शार्क दिसण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे जिने चढून रांगेत उभे राहण्याचा खटाटोप मुलांसाठीच ठीक आहे. तलावात उभे राहून मत्स्यालयाच्या भिंतीला टेकले म्हणजे मासा हातभर अंतरावरून सावकाश वळसा घेताना दिसतो, त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजता येते, आणि तेथे रांगही नसते. २००९ मध्ये उभ्या राहिलेल्या रश टॉवरमध्ये ५०० खोल्या आहेत आणि त्याच इमारतीतील चार्ट हाउस या उपाहारगृहातही ७५ हजार गॅलनचे एक मत्स्यालय बसवलेले आहे. एकूण, मालक बदलल्यावर पैसा टेबलांकडून पाण्याकडे आणि जेवणाच्या पानाकडे वळला.

हा बदल पाहुण्याच्या फायद्याचा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभरातल्या नव्वद पाहुण्यांना लाख डॉलरची पैज स्वीकारणारे टेबल कधी लागणार नाही, पण चांगली खोली आणि भर उन्हात सावलीचा तलाव प्रत्येकाला लागतो. शिवाय खोल्या आणि जेवण यांतून येणारा पैसा ठरलेला असल्यामुळे मालकाला एखाद्या बड्या खेळाडूच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. गंमत अशी की खोल्या भरण्याची ही विद्या मुळात त्या दोन मित्रांचीच होती, आणि कॅसिनो हाती आल्यावर त्यांनी तिच्यापेक्षा टेबलांवर अधिक भिस्त ठेवली.

खेळायला बसणाऱ्याने कोणत्याही कॅसिनोत आधी टेबलाच्या कापडावर छापलेला नियम वाचावा. ब्लॅकजॅकमध्ये एक्का आणि दहा गुणांचे पान मिळाल्यावर तीनास दोन या दराने पैसे मिळत असतील, तर शंभर डॉलरला दीडशे पडतात. सहास पाच असे लिहिलेले असेल, तर केवळ एकशे वीस. एवढ्याशा फरकाने कॅसिनोचा हिस्सा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. रुलेट या फिरत्या चाकाच्या खेळात चाकावर एकच शून्य असेल तर कॅसिनोचा हिस्सा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६ आणि तीन असतील तर ७.६९ टक्के होतो. कमी पैजेच्या टेबलांवर नियम अधिक कडक असणे ही आता सगळ्याच शहरातली रीत झाली आहे, तेव्हा टेबलाची किमान रक्कम पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

परिसराविषयी थोडे सावधही केले पाहिजे. फ्रीमाँट स्ट्रीटवरचे छत १९९५ मध्ये उभारले गेले, २००४ मध्ये त्यावर नवे एलईडी दिवे बसले आणि २०१९ मध्ये ते पुन्हा अद्ययावत झाले. त्याखाली रात्री उशिरापर्यंत गाणी, दिव्यांचे खेळ आणि गर्दी असते, त्यामुळे ज्यांना लवकर झोपायची सवय आहे त्यांनी आरक्षण करतानाच रस्त्यापासून दूरची खोली मागून घ्यावी. नेवाडाच्या २००६ च्या धूम्रपानविषयक कायद्यातून कॅसिनोचा खेळाचा मजला वगळलेला आहे, म्हणून धुराचा त्रास असणाऱ्यांनी खोलीकडे जाण्याचा मार्ग आधी विचारून ठेवलेला बरा. खोलीच्या दराखेरीज रोजचे वेगळे रिसॉर्ट शुल्क आकारण्याची पद्धत या शहरात बहुतेक ठिकाणी आहे आणि येथेही आहे. तुलना करताना ते धरूनच करावी, नाहीतर स्वस्त वाटलेली खोली हिशेब चुकता करताना महाग पडते.

लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला, किंवा ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरची अवाढव्य हॉटेले पायी तुडवण्याचा कंटाळा असलेल्याला, मी हे हॉटेल निःशंकपणे सुचवीन. येथे लॉबीपासून तलावापर्यंतचे अंतर आटोक्यातले आहे आणि दाराबाहेर पडताच जुन्या वेगासची कॅसिनो चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. मोठ्या पैजा लावण्यासाठीच जे जातात त्यांनी मात्र पोस्टर आणि ब्राइटलिंग यांच्या काळच्या कीर्तीवर विसंबू नये, मर्यादा किती आहे हे टेबलावरच्या पाटीवर वाचून घ्यावे.